सत्तर टक्के

ओजस टेबल टेनिसचा उपांत्यपूर्व सामना सपशेल हरला. काही घडलंच नाही अशा थाटात प्रशिक्षक मेढे सरांनी वही उघडली. प्रत्येक सामन्याआधी ते त्याची बलस्थानं वाचून दाखवत. आज एसटी बंद पडल्यामुळे सामना संपल्यावर पोहोचले होते.

“बॅकहँड अव्वल. सर्व्हिस भल्याभल्यांना कळत नाही. मानांकन नसलं, तरी जेतेपदाची शक्यता सत्तर टक्के.”

“सर, हरलो मी. ही शेवटची स्पर्धा होती. सोमवारी बँकेत रुजू होतोय.”

“मध्ये बोलू नकोस. दमसास उत्तम.”

ओजसला रडूही येत नव्हतं. “सत्तर?” त्याने विचारलं.

“पंचाहत्तर करू?”

त्याने सरांचं पेन घेतलं आणि मुख्य पंचांना अर्ज लिहिला : ‘सदर पराभव रद्द समजून अर्जदारास उद्या उपांत्य फेरीत खेळू द्यावे. विजेत्याची हरकत नसावी, ही नम्र विनंती.’