टॉवेलची चव

नाताळच्या सकाळी लाइफबोटीच्या मदतनिधीसाठी गावानं बर्फगार समुद्रात बुडी मारायची आणि नोरीननं प्रत्येकाचा टॉवेल जिभेला लावून बघायचा, ही इथली रीत. खारट लागला तरच गरम व्हिस्की. बोटघरामागच्या नळाखाली डोकं भिजवून येणारे लबाड तिनं कित्येक पकडले होते. दरवर्षी पहिली उडी दिराची, कॉनलची. यंदा मात्र खिदळत लाटांत शिरलेल्या घोळक्यात तो तिला दिसलाच नाही. आला तो बोटघरामागून, केस निथळत. "कसलं गार होतं पाणी, वहिनी." "बघू टॉवेल." "माझ्यावरपण संशय?" "तुझ्यावरच," ती म्हणाली. मागं लोक हसले. तिनं टॉवेलचं टोक जिभेवर ठेवलं. मिठाचा मागमूस नव्हता. कॉनल समुद्राकडे पाठ करून थरथरत होता. याच पाण्यात मार्चमध्ये त्याचा भाऊ, तिचा नवरा, बुडाला होता. "खारट," नोरीन म्हणाली आणि पेला त्याच्या हातात दिला.