उन्हातली ज्योत

कृषी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा आमचा प्रोजेक्ट म्हणजे होस्टेलमागची बायोगॅसची टाकी. मेसमधलं उरलंसुरलं अन्न आणि शेण खाऊन तिचा घुमट हळूहळू वर यायचा. मी स्वप्नात असल्यासारखी बघत बसायचे. सरांनी बजावलं होतं, आज या गॅसवर शेगडी पेटली नाही तर विषय बदला.

भर दुपारी प्रोजेक्टमधल्या माझ्या जोडीदारानं, केतकीनं, गॅसचा कॉक उघडून शेगडीला काडी लावली. ज्योत दिसेना.

“उगाच जीव लावलास गं हिला,” म्हणत ती निघाली.

कॉक बंद करायला मी हात नेला, तेवढ्यात कडुलिंबाचं वाळकं पान गिरक्या घेत आलं आणि शेगडीवर टेकायच्या आत पेटलं.

वाकून मी शेगडीवर हातांची सावली धरली. उन्हात विरलेली निळी ज्योत तिथे केव्हाची जळत होती.

“केतकी,” ज्योत दचकेल या भीतीनं मी कुजबुजले, “चहाचं पातेलं आण.”