पांढरे आकडे

राईत ऊन पडलेलं पाहून पद्मजा जागीच थबकली. देवाच्या या राईत भर दुपारीही वाट चाचपडत जावं लागे. आज समोर दहा मीटर रुंदीचा उजेडाचा पट्टा होता, पट्टी धरून आखल्यासारखा सरळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. दोन्ही अंगांना जुनी झाडं खेटून उभी होती. पट्ट्यात नुसते तोडलेले बुंधे होते आणि त्यांच्यावर माजलेलं रान.

ती रेघ तिचीच होती. ब्याऐंशी साली तिनं होकायंत्र लावून, दोऱ्या ताणून ती आखली होती. रेघेत आलेल्या चौसष्ट झाडांवर छातीच्या उंचीला पांढऱ्या रंगानं आकडे घातले होते, म्हणजे पुढच्या खेपेला तीच झाडं पुन्हा मोजता यावीत. डोंगर, कातळाचा सडा, शेती आणि राई एकमेकांच्या आधारानं कशी जगतात, हा तिचा अभ्यासाचा विषय. त्या चौसष्ट झाडांनी तिला डॉक्टर केलं, नोकरी लावली, दोन परिषदांत टाळ्या मिळवून दिल्या. चार वर्षांत झाडं किती वाढली ते पाहायला ती आज लांज्याहून एस.टी.नं आली होती.

एका बुंध्याशी ती बसली. खोटं कशाला सांगा, पहिल्यांदा तिच्या मनात आलं ते एवढंच, की आता मोजायचं काय? मग तिला स्वतःचीच शिसारी आली.

तेवढ्यात फुलांची परडी घेऊन रावजी गुरव आला. सत्तरी गाठलेला म्हातारा, पण नजर पक्की. त्यानं तिला लांबूनच ओळखलं.

"बाय, तुमी? कवा आलात?"

"रावजीकाका, ही झाडं कुठं गेली?"

"नेलानी," रावजीनं परडी खाली ठेवली. "तुमी गेलात, त्याच्या पुढच्या साली लाकूडवाले आले. आमी आडवे झालो. तर बोल्ले, नंबर बघा, सरकारनं घातलेत. आता नंबर तर होतेच झाडांवर."

"कागद नाही मागितलात?"

"कागद कशाला? नंबर तुमी घातलात, आमच्या डोळ्यांदेखत. तुमी सरकारच्याच, असा वाटला."

गावाचं तरी काय चुकलं? या राईतली वाळकी काटकीसुद्धा कुणी चुलीला नेत नसे. पण नंबर पडलेलं झाड म्हणजे तोडीचं झाड, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पुण्याहून शिकून आलेल्या बाईंना तेवढंच ठाऊक नव्हतं.

"झाडं देऊ काय म्हणून देवाला कौल लावला," रावजी म्हणाला. "पाषाणावर दोन पाकळ्या लावल्या. होकाराची उजवी नाय पडली, नकाराची डावी नाय पडली. दोन दिस बसून होतो. मग मीच सांगितला त्याला, बाबा, सरकारचा हुकूम हाय, आमचा इलाज नाय. गावातल्या कुणी हात लावलान नाय. तवापासून रोज सांगतोय."

पद्मजाला गप्प राहता आलं असतं. गप्प राहण्यात दोघांचीही सोय होती. पण त्या उघड्या पट्ट्यात तिला बसवेना.

"काका, हुकूम नव्हता कुणाचा. ते आकडे नुसते मोजायला होते. माझ्यासाठी."

रावजीनं चार शिव्या हासडल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

"म्हंजे मी देवाला खोटा सांगितला," तो म्हणाला.

"तुम्हाला कुठं माहीत होतं?"

"त्याला म्हायत होता. म्हणून पाकळी पडली नाय." त्यानं परडी उचलली. "चला. आता तुमीच सांगा त्याला."

राईच्या मधोमध देवाचा पाषाण होता, वर छप्पर नाही. रावजीनं फुलं वाहिली, हात जोडले आणि तो बाजूला झाला. गाऱ्हाणं घालायचं म्हणजे एकानं बोलायचं आणि बाकीच्यांनी होकार भरायचा. पद्मजाला देवाशी बोलायची सवय नव्हती. शेवटी तिनं शबनम पिशवीतून मोजणीची वही काढली आणि होतं तसं वाचायला लागली.

"एक. ऐन. घेर एकशे ऐंशी."

"व्हय म्हाराजा," रावजी म्हणाला.

"दोन. जांभूळ. घेर दोनशे दहा."

"व्हय म्हाराजा."

हरडा झाला, रातांबा झाला, सातवीण झाली. या आकड्यांवर तिनं इतकी पानं लिहिली होती, पण झाडं म्हणून ती आज पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांपुढे येत होती.

"सव्वीस. किंजळ. घेर एकशे चाळीस."

होकार आला नाही. ऐकू गेलं नसेल म्हणून तिनं पुन्हा वाचलं. रावजीचे हात जोडलेलेच होते, पण नजर पायाशी होती.

"ह्यो त्यांनी नेलानी नाय," तो म्हणाला. "नंबर पडलेलाच होता, म्हणून मीच पाडला. घराला आढा केला त्याचा. त्याच्याखाली निजतो, देवा, पन झोप नाय."

तो थांबला. त्याच्या गाऱ्हाण्याला होकार भरायला तिथं दुसरं कुणी नव्हतं.

"व्हय म्हाराजा," पद्मजा म्हणाली.