पांढऱ्याखालचा गुलाबी

नाटक सुरू व्हायला तासभर होता. मावशीने भाचीला रंगपटातल्या आरशासमोर बसवलं आणि व्हॅम्पायरचा पांढराफटक रंग तिच्या तोंडावर चढवला.

"मावशी, ओठांतून रक्त भरपूर ओघळू दे हं!"

"ओघळवते हो, महाराणी. आधी बडबड थांबव."

चेहरे रंगवण्यात मावशीचा जन्म गेला होता. गेल्या वर्षी तिने दार लावून घेऊन ताईचा चेहरा शेवटचा रंगवला. लेकीला आई नुसती झोपल्यासारखी वाटावी, म्हणून त्या निस्तेज गालांसाठी तिने वेगळा गुलाबी कालवला होता. उरलेला त्याच दिवशी फेकून दिला. मावशीला 'छोटे' अशी हाक मारणारं ताई हे एकच माणूस होतं.

आता पोरीच्या डोळ्यांखाली जांभळी छटा देताना मावशीच्या हातून रंग गालावर फिसकटला. तिने ओल्या कापसाने गाल पुसला. पांढरा निघाला. खाली तोच गुलाबी होता.

तिने पुन्हा पुसलं. गुलाबी आणखी उजळला.

भाची डोळे मिटून निवांत बसली होती.

"छोटे," ती हळूच म्हणाली, "तेव्हाही तुझे हात असेच गार होते गं."