चाळीसचं लेबल

"छत्तीस अँपिअर." ओयांग मास्तरांनी वहीतल्या आकड्यावर बोट ठेवलं. "पूर्ण वेगात माझी मोटर छत्तीस ओढते. म्हणजे चाळीसचा कंट्रोलर पुरे. बरोबर ना, मालकीणबाई?"

 बीज्वानने तीन बॅटऱ्या काउंटरवर मांडल्या. शेन्झेनच्या त्या बाजारात तिसऱ्या मजल्यावर तिचं दुकान म्हणजे मीटरभर रुंदीचं एक काउंटर. मागे दोन स्टुलं. एकावर ती सकाळपासून बसून होती, दुसऱ्यावर तिचा दीर आ-हाय.

मास्तरांनी पिशवीतून पुठ्ठ्याचा एक ठोकळा काढला. त्यांनी हाताने बनवलेल्या, रिमोटवर उडणाऱ्या छोट्या लाकडी विमानाच्या नाकात बॅटरीसाठी खण होता, त्याच्या मापाचा. एकेक बॅटरी त्यांनी त्याच्याशी ताडून पाहिली, अंगठ्याने दाबून पाहिली, बीज्वानच्या वजनकाट्यावर ठेवली. त्यांचे हात थरथरत होते. तिसरी एकशे ब्याऐंशी ग्रॅम भरली.

"हीच. याहून जड नको, नाक खाली जातं." ते हसले. "चौदा महिने लागले हो हे विमान करायला. पूर्वी दोनात व्हायचं. बायकोला शब्द दिलाय, हे पडलं की संपलं. पुन्हा लाकूड घरात आणणार नाही."

"कशाला पडेल, मास्तर!" आ-हाय म्हणाला आणि चिमुकल्या पेल्यात चहा ओतून त्याने त्यांच्यापुढे सरकवला. मग बॅटरीची वीज मोटरला मोजून देणारा एक कंट्रोलर पेटीतून उचलून ठेवला. दोन बोटं रुंद, पातळ, हलका. वर निळं लेबल: चाळीस.

ती लेबलं परवा संध्याकाळी आ-हायनेच लावली होती. आतला माल तिसाचा होता.

"तिसाचा आहे तो," बीज्वान गावाकडच्या बोलीत म्हणाली. मास्तर वुहानचे, त्यांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं.

"बाजारात सगळ्यांचाच तिसाचा असतो, वहिनी."

"आज पहिली तिथी आहे."

चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला ती मांसमच्छी खात नसे. त्या दोन दिवशी खोटंही बोलत नसे. यातलं दुसरं व्रत जास्त जड जायचं.

"मग तू कुठे बोलतेयस?" आ-हाय म्हणाला. "लेबल बोलतंय."

मास्तर दोघांकडे आलटूनपालटून पाहत होते. "काही अडचण आहे का?"

"छे हो. वहिनीचा उपास आहे, म्हणून चिडलीय. दाखव गं त्यांना चालवून."

चालवून दाखवल्याशिवाय या मजल्यावर कुणी काही घेत नसे. गिऱ्हाइकाची मोटर जाळीच्या पिंजऱ्यात बसवायची, दहा सेकंद पूर्ण वेग द्यायचा, बंद करायचं, पिशवीत घालायचं. दहा सेकंद सगळेच टिकतात.

बीज्वानने मास्तरांची मोटर पिंजऱ्यात आवळली. पंखा लावला. तारा निळ्या लेबलाच्या कंट्रोलरला जोडल्या. हे काम तिने या आठवड्यात किती वेळा केलं असेल, तिलाच ठाऊक नव्हतं. खांदे दुखत होते. डब्यातला भात आणि मोहरीचा पाला तसाच गार पडून होता. तिने वेगाची खुंटी पुढे सरकवली.

पंखा घोंगावला. काउंटरवरचे कागद उडाले.

"अगं बीज्वानताई!" शेजारच्या काउंटरवरची बाई ओरडली. "वादळ आणलंस का? माझ्या पावत्या चालल्या बघ!"

दहा सेकंद झाले. मास्तरांनी समाधानाने मान हलवली. आ-हायने पिशवी उघडून धरली.

बीज्वानने खुंटीवरचं बोट काढलं नाही.

"झालं, वहिनी."

ती पंख्याकडे पाहत राहिली. अर्धं मिनिट झालं. शेजारणीने दोन्ही हातांनी पावत्या दाबून धरल्या. आ-हाय पुन्हा गावाकडच्या बोलीत म्हणाला, या वेळी दात आवळून, "वहिनी, बंद कर."

"विमान दहा सेकंद उडतं का रे?" तीही त्याच बोलीत म्हणाली, हळू आवाजात.

मिनिट उलटलं. मास्तरांचं हसू ओसरलं. ते मनगटावरच्या घड्याळाकडे बघू लागले. मग वास आला. निळं लेबल एका कडेने आक्रसलं, तपकिरी झालं. बारीकसा चट् असा आवाज होऊन पांढरा धूर वर गेला आणि पंखा फिरत फिरत सुस्त होऊन थांबला.

बीज्वानने बॅटरीची तार ओढून काढली.

 मास्तर जळक्या कंट्रोलरवर वाकले. सुकाणूची वीजही त्यातूनच जाते. तो मेला की विमान खाली उभ्या माणसाचं काहीच ऐकत नाही. हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

"एक मिनिट पन्नास सेकंद," ते अखेर म्हणाले. "त्या वेळी मी तळ्यावरून वळत असतो."

बीज्वान उठली. खालच्या फळीवरून तिने साठाचा कंट्रोलर काढून काट्यावर ठेवला. दुप्पट जड. "हा माझ्या नवऱ्याने स्वतः तपासून घेतलाय, मास्तर. पण बॅटरी बोटभर मागे सरकवावी लागेल. खण पुन्हा कापावा लागेल."

"कापेन." त्यांनी थरथरत्या हातांकडे एकदा पाहिलं. "महिना जाईल. जाऊ दे."

पिशवी घेऊन जाताना त्यांनी आ-हायचा चहा तेवढा उभ्याउभ्या पिऊन टाकला.

ते जिन्याशी पोचेपर्यंत आ-हाय रिकामा पेला पुसत राहिला. मग म्हणाला, "पेटीत अजून एकशे एकोणपन्नास आहेत, वहिनी. ते पण सगळे जाळणारेस?"

"नाही."

तिने पेटी मांडीवर ओढली, वरचा कंट्रोलर घेतला आणि लेबलाच्या कोपऱ्याखाली नख घातलं. लेबल निघेना. तिने नख बदललं, अंगठ्याने घासलं, पुन्हा नख घातलं. गोंद मात्र चांगल्या प्रतीचा होता.