उजवी कड

"मागचा टायर रुंद टाका, चाचा. वळणावर पकड हवी," मी ठामपणे सांगितलं. माझ्या छोट्या स्पोर्ट्स बाइकसाठी आठवडाभर इंटरनेट पालथं घालून आले होते.

दस्तगीरचाचांनी जुना टायर उतरवून मांडीवर घेतला आणि कडांवरून अंगठा फिरवला. डावी कड झिजून गुळगुळीत झाली होती. उजव्या कडेला मात्र नव्या टायरला असतात ते रबरी केस अजून तसेच होते.

"उजव्या वळणावर कधी पडली होतीस?"

हे मी घरीसुद्धा सांगितलं नव्हतं. "दोन वर्षांपूर्वी, घाटात. हा टायर नवाच होता."

"तेव्हापासून त्या बाजूला गाडी झुकवतच नाहीस. त्याला रुंद टायर काय करणार? कंपनीच्याच मापाचा टाकतो."

रागच आला. पण तोच टायर घेतला आणि दर रविवारी त्याच घाटात गेले.

दीड वर्षाने टायर बदलायला आले, तेव्हा चाचांनी पुन्हा अंगठा फिरवला. दोन्ही कडा सारख्याच गुळगुळीत होत्या.

"आता म्हणशील तर रुंद टाकतो."

"कशाला?" मी म्हणाले. "याच्यावर मला नीट झुकता येतं."