पहिला भाव

पहिला सौदा एकोणचाळीस डॉलरला पडला आणि न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात सगळे टाळ्या पिटू लागले. लोरेनही पिटू लागली. कंपनी तिचीच होती. वडिलांनी मिलवॉकीत काढलेला बेकरीच्या भट्ट्यांचा कारखाना आज बाजारात आला होता. पहिल्याच दिवशी भाव उसळला की टाळ्या वाजवायच्या, ही इथली रीत.

शेजारी ट्रास्क उभा होता. शेअर विकून देण्याचं काम त्याच्या बँकेकडे होतं. काल यानेच तोंड पाडून सांगितलं होतं, की बाजार बावरलाय, शेअरमागे चोवीस मागाल तर कुणी फिरकणार नाही, सोळावर या. लोरेन सोळावर आली. चोवीसमध्ये कारखान्याची लोखंड ओतायची जुनी फाउंड्री वाचत होती, सोळात वाचत नव्हती. तिने काळजावर दगड ठेवून भावाला फोन केला आणि फाउंड्री बंद करायला सांगितली. तिथली दीडशे माणसं आणि त्यांचा फोरमन, म्हणजे तो भाऊच, घरी बसणार होते.

मोबाइल वाजला. भाऊच होता, स्टॅनली. त्याने टीव्हीवर भाव पाहिला होता.

"लोरेन, एकोणचाळीस झाला म्हणतायत. आता फाउंड्री राहील ना गं? पोरं इथंच बसलीत, कुणी हत्यारं आवरली नाहीत."

कंपनीच्या हाती शेअरमागे सोळाच आले होते. विकलेल्या गाईने दूध जास्त दिलं, म्हणून आपली चरवी भरत नाही.

तिने फोन छातीशी धरला. "वरचे तेवीस कुणाच्या खिशात गेले?"

ट्रास्कने जराही न ओशाळता सांगितलं. शेअर काल बँकेच्या जुन्या, बड्या गिऱ्हाइकांना सोळाने वाटले होते. ते आता विकून मोकळे होत होते. लोरेनच्या अंगाची लाहीलाही झाली. दिवसाढवळ्या तिचा खिसा कापला होता आणि टाळ्या तिनेही वाजवल्या होत्या.

ट्रास्क तिच्या कानाशी वाकला. "मनाला लावून घेऊ नका. आता तुम्हीही आमचं बडं गिऱ्हाईक. पुढच्या महिन्यात ओहायोतल्या दोघा भावांची कंपनी बाजारात येतेय. साधी माणसं आहेत. त्यातले थोडे शेअर तुमच्या स्वतःच्या नावावर ठेवतो."

फोनमधून स्टॅनली हाका मारत होता. लोरेनने फोनवर हात घट्ट दाबला आणि हळूच विचारलं, "किती?"